मामा ‘येतो’ म्हणाला होता

अन्याय माझ्या धाकट्या मामावर झाला. पौषातल्या सोमवारी, जेवणाचा भोंगा व्हायला थोडा वेळ असताना, शिरूरजवळ हायवेला लागून असलेल्या एका कारखान्यात, साहेबाच्या केबिनच्या दारात. त्याचा गुन्हा एवढाच, की निघताना तो नीट निरोप घेऊन निघाला. या प्रकाराची आजवर कोणीही दखल घेतलेली नाही, म्हणून मीच घेते.

नवं शतक लागून एक-दोन पावसाळे झाले होते. मी शिरूरला कॉलेजात होते आणि आमच्या संघटनेची पत्रकं लिहीत होते. स्टँडवर सावली नाही, पत्रक. वसतिगृहात पाणी नाही, पत्रक. पाणी आलं पण गढूळ आलं, दुसरं पत्रक. छापखान्याच्या आप्पांनी ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द सगळ्यात मोठ्या टायपात जुळवून, दोऱ्यानं बांधून, कायमचे बाजूला ठेवून दिले होते. मी दारात दिसले की ते म्हणायचे, “निषेध तयार हाय. कशाचा तेवढं सांग.”

मामा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. माझ्यात नि त्याच्यात फार अंतर नाही, म्हणून आमचं अरे-तुरे. गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावपासून जवळच. त्याच्या आजोबांपर्यंत घर मेंढरांमागं हिंडायचं, मग जमिनीत स्थिर झालं. थोडी मेंढरं मामा मोठा होईपर्यंत राहिली, मग तीही गेली, पण आवाज घरात राहिला. मामानं अंगणातून “च्या ठेव” म्हटलं की शेजारच्या तीन घरांत आधण चढायचं.

त्याला दौंडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलीचे वडील रेल्वेत. पोहे खाऊन झाल्यावर मुलीनं मान वर करून सरळ विचारलं होतं, “तुम्ही एवढ्या मोठ्यानं का बोलता?” मामा म्हणाला, “मेंढरं लांब असायची.” ती हसली, आणि मामाचं तिथंच ठरलं. मुलीच्या वडिलांचं मात्र ठरेना. ते म्हणाले, “पोरगा चांगला हाय. पर आधी कंपनीत चिकटू द्या, मग बसू.” म्हणजे नोकरी लागली तर दौंड, नाहीतर काही नाही. मामानं त्या दिवसापासून दौंड या गावाचं नाव घेताना आवाज खाली आणायला सुरुवात केली. बाकी सगळं पूर्वीसारखंच.

अशा वेळी शिरूरच्या बाजारपेठेत एक बोर्ड लागला. व्यक्तिमत्त्व विकास, संभाषण कौशल्य, मुलाखतीची हमखास तयारी. वर्ग एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरायचा. शिकवणारे सर पुण्याहून यष्टीनं यायचे, टाय लावून. खाली गिरणी सुरू झाली की फळ्यांच्या फटींतून पीठ वर यायचं आणि तास संपेपर्यंत सरांचा काळा टाय ज्वारीच्या रंगाचा व्हायचा. त्या घरघराटात सर नरड्याच्या शिरा ताणून ओरडायचे, “मृदू बोला. हळू बोला. आवाजात लोणी पाहिजे.”

“माझ्यासंगं चल,” मामा मला म्हणाला. “एकट्याला लाज वाटती.”

मी गेले. चळवळीतल्या माणसानं शत्रूचं साहित्य वाचून ठेवावं, असं मला तेव्हा वाटायचं.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, “माणूस भेटला की तोंडातून पहिला शब्द कोणता यायला हवा?”

पोरं पेन सरसावून बसली.

“हाय,” सर म्हणाले.

“काय हाय?” मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

“काही नाही. नुसतं हाय.”

“नुसतं कसं? काय तरी आसंलच की.”

मामानं हात वर केला. “सर, हाय म्हणलं की आमच्याकडं म्होरं सांगावं लागतं. ताप हाय, पाव्हणं हाय, वावरात पानी हाय. नुसतं हाय म्हणून गप बसलं तर समोरचा मानूस वाट बघत बसतो.”

सर म्हणाले, हा ग्रामीण न्यूनगंड आहे. मी वहीत ‘न्यूनगंड’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग नजर. डोळ्यांत डोळे घालून बोला, आत्मविश्वास दिसतो. आता मामाच्या घरी लहानपणापासून शिकवण अशी, की एडक्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. बघितलं की तो पाय घासतो आणि मग आपण कुंपणात असतो. मामाला सरांच्या डोळ्यांत बघायला लावलं तेव्हा तो बघायचा, पण गुडघे वाकवून, उडी मारायच्या तयारीत. सरांनी घरी सराव करा म्हणून सांगितलं. मामानं तो परतीच्या यष्टीत कंडक्टरवर केला. कंडक्टर दोनदा तिकीट देऊन गेला, तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं, “पाव्हणं, काय भांडान हाय का आपलं?”

“न्हाई. व्यक्तिमत्त्व हाय,” मामा म्हणाला.

हस्तांदोलनाचा तास एकच झाला. सर म्हणाले, पकड घट्ट असू द्या, मेलेला मासा धरल्यासारखा हात देऊ नका. मामानं दिला. लोकर कातरताना मेंढरू हलू नये म्हणून त्या हाताला जी सवय होती, ती सरांच्या हाताला लागू झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं, की भारतीय संस्कृतीत नमस्काराला पर्याय नाही.

मुलाखतीचे प्रश्न आले. “स्वतःविषयी सांगा.” मामानं पणज्यापासून सुरू केलं. सर म्हणाले, पणजोबा नकोत, फक्त स्वतः. मामा विचारात पडला. “एकट्याचं काय सांगनार? एकटा म्या कवा हुतोच न्हाई.” पुढचा प्रश्न, “तुमच्यातली एखादी कमजोरी सांगा.” “न्हाई सर, कमजोरी कसली? रोज ताक पितो.” सरांनी उत्तर पाठ करायला दिलं: मी कामात इतका बुडून जातो की मला वेळेचं भान राहत नाही. मामानं ते पाठ केलं आणि जिना उतरताना मला म्हणाला, “आसल्या मानसाला कोन कामावर ठिवील? भोंगा झाला तरी ह्याला कळायचा न्हाई.”

एवढं सगळं शिकवलं. आत कसं जावं, खुर्ची कशी ओढावी, हात कुठं ठेवावेत, चहा आला तर बशीत ओतू नये. बाहेर कसं पडावं, हे शिकवलं नाही. हे मी मुद्दाम इथं मांडते आहे, कारण पुढं सगळं त्याच्यावरच फिरलं.

सोमवारी मुलाखतीला मी मामाबरोबर गेले आणि कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. साहेब उत्तरेकडचे, नवीनच आलेले. मराठी कळत नव्हतं. मामाला हिंदी यायचं, म्हणजे बाहेरून आलेल्या गवंड्यांबरोबर काम करताना जेवढं लागतं तेवढं. आतून बाहेर आला तो खुशीत. “लई भला मानूस हाय,” म्हणाला. “मी निघताना फोनवर हुता, तरी मान हालवून ‘आओ’ म्हणाला. आपल्यातल्यावानी.”

मी भजी खाल्ली, मामाचा सोमवार म्हणून त्यानं चहाच घेतला, आणि वडापच्या खचाखच भरलेल्या जीपनं शिरूरला आलो. मामा आईला म्हणाला, “ताई, काम झाल्यात जमा हाय.” दौंडचं नाव त्यानं काढलं नाही, पण त्या रात्री जेवताना त्याचा आवाज आपोआपच कमी होता.

मग आठवडाभर काहीच नाही. बाजाराच्या दिवशी त्या कारखान्यातला शिपाई, जवळच्याच गावचा एक मोठा मिशीवाला माणूस, भाजीच्या पाटीशी मला भेटला. पहिलंच वाक्य बोलला ते असं: “तुमचा मामा काय संडासात सापडला न्हाई बरं का.”

मी म्हटलं, “तिथं कशाला शोधला?”

मग त्यानं सांगितलं. मुलाखत उत्तम झाली होती. साहेबांनी मामाला घ्यायचं ठरवलंच होतं. मध्येच फोन आला म्हणून बोलणं थांबलं. फोन ठेवला की सांगणार होते, उद्यापासून ये. इतक्यात मामा उठला, हात जोडले, आणि घरच्या वळणानं, पण साहेबाला कळावं म्हणून हिंदीत, म्हणाला, “आता हूँ साब.”

येतो साहेब. दुसरं काय म्हणणार? आपल्याकडं कोण ‘जातो’ म्हणतं? दारातून ‘जातो’ म्हणून पाऊल टाकलं तर आई हाक मारून परत बोलावते आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला लावते. येतो म्हणायचं, समोरच्यानं ‘या’ म्हणायचं, झाला निरोप. साहेबांनी ऐकलं, हा दोन मिनिटांत येतोय. म्हणाले, “हाँ, आओ.” मामाला ऐकू आलं, ‘या’.

साहेब थांबले. पुढच्या उमेदवाराला शिपाई आत सोडायला लागला तर म्हणाले, नको, तो येतोय. चहा आला, त्यावर साय धरली. साहेबांनी शिपायाला संडासात पाठवलं, मग कँटीनमध्ये, मग पुन्हा संडासात. शिपाई दरवाजे वाजवत मामाला हाका मारत फिरला. आत बसलेला एक वेल्डर घाबरून अर्ध्यात बाहेर आला. शेवटी भोंगा झाला. साहेब चिडून म्हणाले, “जो आदमी ‘आता हूँ’ बोल के भाग गया, उसका क्या भरोसा?” आणि ती जागा पुढच्या उमेदवाराला देऊन टाकली.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी भाजी तिथंच ठेवून छापखाना गाठला.

“निषेध तयार हाय,” आप्पा म्हणाले. “कशाचा?”

“कामगार भरतीतल्या अन्यायाचा.”

“लांबतंय. मोठा टाईप दोन ओळींपुरताच हाय.”

आप्पांनी मग तोडगा काढला. वर मोठ्या टायपात ‘कामगार भरती’, खाली मोठ्या टायपात ‘जाहीर निषेध’, आणि मधले ‘तील अन्यायाचा’ हे शब्द इतक्या बारीक टायपात, की ते रेघेसारखे दिसत होते. मला घाई होती. खाली मजकूर मी स्वतः जोरदार लिहिला होता. मराठी माणसाच्या निरोपाची विटंबना वगैरे.

पुढच्या सोमवारी पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी कारखान्याच्या गेटवर. बरोबर मामा. तो निषेधाला आला नव्हता. त्याचं वेगळंच चाललं होतं. “येतो म्हणलो हुतो ना,” म्हणाला, “मग जायाला नको?”

साहेब गेटपाशीच गाडीतून उतरत होते. मी पत्रक पुढं केलं. त्यांना देवनागरी वाचता येत होती, आणि तीच भानगड झाली. त्यांनी पत्रक लांब धरून मोठ्यानं वाचलं, “कामगार भरती... निषेध.” मग माझ्याकडं बघितलं. मग मामाकडं.

“यह वही आदमी है ना?”

“जी साब,” मामा म्हणाला. “आता हूँ बोला था. आया.”

“अब आया?” साहेब म्हणाले. “और यह क्या है? तुम लोग लिख के लाए हो, भर्ती बंद करो। और ख़ुद भर्ती होने आए हो?”

मी म्हटलं, बंद कुठं लिहिलंय, निषेध लिहिलंय. ते म्हणाले, निषेध म्हणजे बंद; हिंदीत तोच अर्थ. गेटशेजारच्या भिंतीवरच पाटी होती, धूम्रपान निषेध. मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं, की त्या पाटीतून कोणीतरी धूम्रपानाविरुद्ध आवाज उठवलाय, आणि मला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

शिपाई मध्ये पडला. “साब, हमारे में जाता हूँ बोलते नहीं। आता हूँ मतलब जाता हूँ।”

साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. “तो जाता हूँ मतलब?”

“मर गया,” मी म्हणाले.

“तो तुम लोग ‘जाता हूँ’ बोलते कब हो? मरते समय?”

मामानं प्रामाणिकपणे विचार केला. “तवा पन न्हाई साब. उस टाइम दुसरे लोग बोलते. गया.”

वॉचमन तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. म्हणाले, जागा भरली. आता काही होणार नाही. आणि मग, त्यांना वाटलं असावं की या माणसाला काहीतरी कायमचं शिकवून पाठवावं, ते म्हणाले, “अब मेरे सामने ठीक से बोल के जाओ। बोलो, जाता हूँ।”

मामा गेटात उभा. सरांच्या वर्गात तो ‘हाय’ म्हणाला होता, मी कामात बुडून जातो म्हणाला होता, कंडक्टरच्या डोळ्यांत बघितलं होतं. हे मात्र त्याच्या तोंडून निघेना. त्यानं एकदा “जा...” म्हटलं आणि थांबला. साहेबांच्या गाडीकडं, गेटकडं, शिपायाकडं बघितलं. दुसऱ्याच्या दारात कसं म्हणायचं? त्या दाराचं वाईट व्हायचं. मामाच्या गावाकडं, इनामगावच्या बाजूला, जमीन खणली की फार जुन्या काळच्या माणसांची मडकी नि चुली निघतात. सगळं गाव तसंच टाकून गेलेली माणसं. मला खात्री आहे, तीसुद्धा निघताना ‘येतो’च म्हणाली असणार.

शेवटी मामानं मार्ग काढला. हात जोडून म्हणाला, “आता हूँ साब. पर आज नहीं आता. सोमवार को आता.”

आणि आला. पुढच्या सोमवारी गेला, नमस्कार केला, “आया साब” म्हणाला, थोडा वेळ उभा राहिला, “आता हूँ” म्हणून निघाला. त्याच्या पुढच्या सोमवारीही. मी म्हणत होते उपोषणाला बस. तो म्हणायचा, “उपास सोमवारीच आसतो माझा, त्यात काय नवीन?” दौंडहून एकदा निरोप आला, काय झालं कळवा. आईनं कळवलं, प्रयत्न चालू आहेत. मुलीनं उलट विचारायला लावलं, आवाज कमी झाला का. मामा म्हणाला, “सांग, न्हाई.”

त्या आवाजानंच काम केलं. कारखान्याच्या मागच्या यार्डात माल भरायला ट्रकच्या रांगा लागायच्या. ज्याचा नंबर येईल त्याला भोंग्यातून पुकारायचे. तो स्पीकर बिघडला. ड्रायव्हर पार हायवेपर्यंत पांगलेले, कोणी टपरीवर, कोणी ट्रकखाली सावलीत झोपलेला, कोणी पत्त्यांत. सुपरवायझर घसा फोडत होता. मामा त्याच्या सोमवारी तिथंच उभा होता. त्यानं नंबर विचारला आणि नदीपलीकडच्या मेंढरांना मारायची तशी हाक दिली. शिपाई सांगतो, एकाच्या ऐवजी सगळेच ड्रायव्हर उठून आले, आणि साहेब केबिनमधून.

“यह कौन चिल्लाया?”

“मी साब. आया हूँ.”

त्याला ट्रक पुकारायच्या कामावर घेतलं. आधी हंगामी, मग नीट. पहिल्या संध्याकाळी घरी निघताना तो साहेबांना “आता हूँ” म्हणाला. साहेबांनी वर न बघताच विचारलं, “कब?” मामा म्हणाला, “कल सुबह.” आणि तेव्हापासून रोज त्यांचा तोच निरोप.

दौंडला बैठक झाली. लग्न लागलं. मामीचं माहेर स्टेशनच्या इतकं जवळ, की गाड्यांच्या आवाजात तिथं सगळेच ओरडून बोलतात. मामाला पहिल्यांदाच कोणी “हळू बोल” म्हणालं नाही.

तर मग अन्याय मिटला, असं तुम्ही म्हणाल. मिटलेला नाही. लग्नानंतर मी शिरूरच्या बाजारपेठेतून जात होते. पिठाच्या गिरणीवरच्या बोर्डावर नवा फोटो होता. आमचा मामा. फेट्यात, लग्नातला. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या मृदू संभाषण वर्गाचे यशस्वी विद्यार्थी’. मृदू! मी जिना चढून वर गेले आणि सरांना विचारलं, की तुम्ही त्याला निघताना काय म्हणायचं ते का शिकवलं नाही? सरांनी टाय झटकला. म्हणाले, “तो आपल्या अभ्यासक्रमात विषय नाही.”

मी आप्पांकडं गेले, पण या खेपेला निषेध छापला नाही. त्या शब्दावरचा माझा विश्वास जरा हलला होता.

म्हणून आता तुम्हालाच सांगते. असले वर्ग अजून निघतात, गिरणीवर, झेरॉक्सच्या दुकानावर, मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, आणि तुम्ही तिथं जाता किंवा पोरांना पाठवता. मागणी एकच आहे. तिथं जा, पहिल्याच तासाला उभे राहा, आणि सरांना विचारा, “निघताना काय म्हणायचं, नि ते समोरच्याला कळलं नाही तर काय करायचं?” उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि उत्तर मिळाल्याशिवाय तिथून ‘येतो’ म्हणून निघू नका.